जुन्या समुद्री तेलक्षेत्रातून जास्त तेल कसं काढायचं: आधी पाणी शोधा, मग टेक्नॉलॉजी आणा

कोथरूडला आमच्याकडे रविवारी सकाळी पेट्रोलियम इंजिनिअरिंगची दोन-चार पोरंपोरी येऊन बसतात, कधी हिंजवडीत ऑइलच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा माझा भाचा पण असतो, आणि चहा पुढ्यात यायच्या आत प्रश्न येतो की काका, मुंबई हायसारखं जुनं फील्ड आहे, त्याला आता कुठली नवीन टेक्नॉलॉजी लावली की प्रॉडक्शन वाढेल? मी प्रॉडक्शन साइडला ऑफशोअर बावीस वर्षं काढली, चौदा दिवस प्लॅटफॉर्मवर आणि चौदा दिवस घरी, पहाटे पुण्यातून निघायचं आणि एक्स्प्रेसवेने जुहूला हेलिकॉप्टर गाठायचं. दर रविवारी तेच तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सलग लिहून काढतो. क्रमाने वाचा, कारण या कामात क्रम चुकला की पैसेही जातात आणि विहीरही जाते.

मुंबई हाय १९७४ च्या फेब्रुवारीत सापडलं, सागर सम्राट रिगने, आणि १९७६ च्या मे महिन्यात तेल सुरू झालं. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत, समुद्र तिथं ७५ मीटरच्या आसपास खोल. १९८५ च्या सुमाराला रोज ४ लाख बॅरलच्या वर तेल निघत होतं, २०२४ मध्ये ते १ लाख ३४ हजाराच्या आसपास आलं. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर, म्हणजे आजही तो आकडा छोटा नाही, आणि आपण ८५ टक्क्यांपेक्षा जास्त क्रूड बाहेरून आणतो तेव्हा या फील्डमधला प्रत्येक जादाचा बॅरल मला मोलाचा वाटतो. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने ब्रिटिश कंपनी बीपीला टेक्निकल सर्व्हिस प्रोव्हायडर म्हणून निवडलं, दहा वर्षांसाठी, आणि तेल आणि तेलाच्या मापात मोजलेला गॅस मिळून ६० टक्क्यांपर्यंत वाढ होऊ शकते असा बीपीचा अंदाज जाहीर झाला. तेव्हापासून पोरांचे प्रश्न फारच वाढलेत.

रसवंतीवर ऊस एकदा चरकातून काढला की चिपाड फेकत नाहीत, दुमडून आलं-लिंबू घालून पुन्हा घालतात ना, तसंच. जगभरात सरासरीने जमिनीतल्या तेलाचा एक तृतीयांशच भाग वर येतो, बाकीचं दगडात राहतं. फक्त इथं चिपाड एक-दीड किलोमीटर खाली आहे आणि रसापेक्षा पाणी जास्त येतंय.

आधी कुठली विहीर काय देते ते खरं कळू द्या

हे काम सगळ्यात कंटाळवाणं वाटतं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त तेल इथंच दडलेलं असतं. जुन्या फील्डमध्ये प्रत्येक विहिरीला स्वतःचा मीटर नसतो. अनेक विहिरींचं तेल-पाणी-गॅस एकाच पाइपने प्रोसेस प्लॅटफॉर्मला जातं, आणि मग एकेक विहीर पाळीपाळीने टेस्ट सेपरेटरवर, म्हणजे तेल-पाणी-गॅस वेगळं करणाऱ्या टाकीवर घेतात, तिथं काही तास मोजतात, आणि तो आकडा पुढची टेस्ट होईपर्यंत खरा मानतात. आता विहीर जर झटके देत वाहत असेल, म्हणजे थोडा वेळ नुसता गॅस आणि मग एकदम पाण्या-तेलाचा लोट, तर दोन तासांची टेस्ट म्हणजे नशिबाचा भाग, तुम्ही लोट पकडला तर विहीर हिरो, नाही पकडला तर बंद करायच्या यादीत. म्हणून नियम करा की अशा विहिरीची टेस्ट कमीत कमी पाच-सहा लोट येईपर्यंत चालली पाहिजे, मग सात तास लागोत नाहीतर दहा.

सॅम्पलचंही तेच. लाइनवरून एक बाटली भरली आणि त्यातून पाण्याचा टक्का काढला हे चालत नाही. टेस्ट चालू असताना ठराविक वेळाने सॅम्पल घ्या, तेल-पाणी सोडवायचं केमिकल घाला, गरम करा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा आणि नळीवरच्या रेघा डोळ्यांच्या समोर धरून वाचा. पाण्याच्या टक्क्यात एक-दोन टक्क्यांनी काय फरक पडतो असं नवीन पोरांना वाटतं. समजा विहीर रोज १००० बॅरल एकूण द्रव देते आणि त्यात ९६ टक्के पाणी आहे, तर तेल झालं ४० बॅरल. पाणी ९४ टक्के असेल तर तेल ६० बॅरल. दोन टक्क्यांत तेल दीडपट! म्हणजे सॅम्पल घेताना झालेली चूक चांगली विहीर बंद करू शकते.

आता मल्टिफेज मीटर आलेत, तेल, पाणी आणि गॅस वेगळं न करता मोजणारे. सगळ्या विहिरींवर बसवायला परवडत नाहीत, पण एक मीटर दोन-तीन मानवरहित प्लॅटफॉर्ममध्ये फिरवता येतो किंवा प्लॅटफॉर्मच्या हेडरवर, म्हणजे सगळ्या विहिरी येऊन मिळतात त्या पाइपवर, कायमचा लावता येतो. टेक्नॉलॉजीवर पहिला रुपया खर्च करायचा तर मी इथं करीन.

गॅस लिफ्ट नीट करा, यात रिग लागत नाही

विहीर जुनी झाली की दाब कमी होतो आणि पाणी वाढल्याने आतला द्रवाचा खांब जड होतो, त्यामुळे तेल आपोआप वर येत नाही. मुंबई हायमध्ये यावरचा मुख्य उपाय गॅस लिफ्ट. केसिंग म्हणजे विहिरीचा बाहेरचा पाइप आणि ट्युबिंग म्हणजे तेल वर आणणारा आतला पाइप, यांच्या मधल्या जागेत दाबाने गॅस सोडायचा, तो खाली व्हॉल्व्हमधून ट्युबिंगमध्ये शिरतो, खांब हलका होतो आणि विहीर वाहते. वरचे व्हॉल्व्ह फक्त विहीर चालू करतानाच्या कामाचे, एकदा चालू झाली की ते बंद व्हायला हवेत आणि गॅस सगळ्यात खालच्या व्हॉल्व्हमधून जायला हवा, जेवढा खोलातून तेवढा फायदा. वरचा एखादा व्हॉल्व्ह झिजला किंवा अडकून उघडा राहिला की गॅस मध्येच शिरतो, खालचा खांब जडच राहतो, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं गॅस तर पूर्ण देतोय.

एक प्रसंग सांगतो. एका वेलहेड प्लॅटफॉर्मवर एक विहीर होती, ९० च्या वर पाण्याचा टक्का, तेल नाममात्र, बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. तेव्हा दोन पेनांचा चार्ट रेकॉर्डर असायचा, गोल कागद, घड्याळासारखा फिरणारा, एक पेन केसिंगचा दाब काढतं आणि दुसरं ट्युबिंगचा. मी तो कागद काढून जेवणाच्या टेबलावर पसरला. केसिंगची रेघ हळूहळू चढायची आणि मग एकदम खाली पडायची, साधारण चाळीस मिनिटांनी पुन्हा तेच, करवतीच्या दातांसारखं, आणि केसिंग पडलं की मागोमाग ट्युबिंगला उसळी. सरळ होतं की गॅस सतत जात नाहीये, साठतोय आणि फुटतोय. वायरलाइनच्या, म्हणजे तारेवरून विहिरीत अवजार सोडणाऱ्या पोरांनी वरून दुसरा व्हॉल्व्ह काढला तर त्याची सीट वाळूने घासल्यासारखी झिजलेली, नखाने चाचपून कळत होतं. नवीन व्हॉल्व्ह बसवला, गॅसचा चोक, म्हणजे प्रवाह आवरणारं भोक, थोडा मोठा केला, रेघ सपाट झाली आणि ती विहीर पुढं बरीच वर्षं चालली. यात रिग नाही, नवीन खोदकाम नाही, दोन दिवसांचं वायरलाइनचं काम.

आता तो कागद राहिला नाही, दाब दर काही सेकंदाला कंट्रोल रूमला येतो, पण बघायचं तेच. दुसरी आधुनिक सोय म्हणजे इंजेक्शनच्या गॅसबरोबर थोडा कार्बन डायऑक्साइड सोडून तो वर किती वेळाने परत येतो ते मोजतात, त्यावरून गॅस कुठल्या खोलीवर शिरतोय ते कळतं, विहिरीत काहीच उतरवावं लागत नाही. वर्षाकाठी सगळ्या गॅस लिफ्ट विहिरींची अशी तपासणी करा.

मग गॅसचं वाटप. कॉम्प्रेसरची ताकद ठरलेली असते, गॅस सगळ्यांना पोटभर मिळत नाही. समजा एका विहिरीला रोज १० हजार घनमीटर जास्त गॅस दिला तर ४० बॅरल तेल वाढतं, आणि दुसरीकडून तेवढाच काढून घेतला तर १२ बॅरल कमी होतं, तर मग उचला आणि तिकडं द्या. हे तोवर करत राहायचं की शेवटच्या घनमीटरला सगळ्या विहिरी सारखंच तेल देतील. एवढा साधा हिशोब आहे, पण विहिरी शंभर झाल्या आणि रोज काहीतरी बदललं की हाताने होत नाही, इथं सॉफ्टवेअर खरोखर कामाचं.

पाणी कुठून येतंय?

हा या सगळ्या लेखातला माझा मुख्य मुद्दा. पाणी जास्त आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते खालून उचलून येतंय, की एखाद्या मोकळ्या थरातून सरळ इंजेक्शनचं, म्हणजे दाब टिकवायला आपणच दुसऱ्या विहिरीतून खाली सोडलेलं पाणी धावत येतंय, की केसिंगमागचं सिमेंट खराब झालंय, हे विचारल्यावर खोलीत शांतता पसरते. तिन्हींचं औषध वेगळं आहे.

पहिली पायरी फुकट आहे. पाणी भागिले तेल हा आकडा आणि तो बदलण्याचा वेग, दोन्ही वेळेसमोर लॉग-लॉग कागदावर काढा, १९९५ पासून ही चॅन नावाच्या इंजिनिअरची पद्धत वापरात आहे. वेगाची रेघ खाली उतरत असेल तर पाणी खालून शंकूसारखं चढत असण्याची शक्यता जास्त, वर चढत असेल तर मोकळ्या वाटेने धावत येतंय. हा पुरावा नाही, संशय आहे, पण कुठल्या विहिरीत पैसे खर्चून तपासणी करायची ते त्यावरून ठरतं. मग प्रॉडक्शन लॉगिंग, म्हणजे चालू विहिरीत अवजार उतरवून कुठल्या खोलीवर किती आणि काय आत येतंय ते मोजणं. आणि न्यूट्रॉन सोडून केसिंगच्या पलीकडच्या दगडात अजून तेल किती उरलंय ते मोजणारी लॉग, ती तर जुन्या फील्डसाठी वरदानच.

मुंबई हायचा मुख्य साठा एल-३ नावाच्या चुनखडीत आहे, एकावर एक थर, मध्ये शेल म्हणजे चिकणमातीच्या घट्ट दगडाच्या पातळ पट्ट्या, आणि काही थर इतके भोकाभोकांचे की पाणी त्यातून हायवेसारखं पळतं, शेजारच्या घट्ट थरात मात्र तेल तसंच बसलेलं. आमच्या टीमने एकदा घाई केली. विहीर मंदावली म्हणून लॉगिंग न करताच ॲसिड मारायचं ठरवलं. चुनखडीला हायड्रोक्लोरिक ॲसिड छान विरघळवतं हे खरं, पण ॲसिडही आळशी असतं, जिथं वाट मोकळी तिथंच जातं. ते सगळं पाण्याच्या थरात गेलं आणि आठवड्यात पाणी दीडपट झालं. मला अजून त्याचं वाईट वाटतं कारण तपासणीला दोन दिवस लागले असते. तेव्हापासून मी हट्टाने सांगतो की लॉग नाही तर ॲसिड नाही. आणि मारायचंच तर आधी मोकळा थर तात्पुरता बुजवणारा डायव्हर्टर वापरा, आता असे जेल मिळतात की जे ॲसिड खर्च झालं की घट्ट होतात, पुढचं ॲसिड आपोआप घट्ट थराकडे वळतं, आणि नंतर तेल लागलं की ते जेल पातळ होऊन निघून जातं.

पाण्याचा थर अगदी तळाला असेल तर प्लग, म्हणजे बूच टाका. मध्ये असेल तर केसिंगला आतून पॅच किंवा थर बुजवणारं पॉलिमर जेल. केसिंगमागून असेल तर सिमेंट स्क्वीझ, म्हणजे दाबाने मागे सिमेंट भरणं. नवीन आडव्या विहिरीत सुरुवातीलाच ऑटोनॉमस इनफ्लो व्हॉल्व्ह बसवा, तेल जाताना ते मोकळे राहतात आणि पाणी-गॅस आला की आपणहून आवळतात, नॉर्वेच्या ट्रोल फील्डमध्ये तेलाचा थर अगदी पातळ असूनही यामुळे बरंच तेल निघालं.

इंजेक्शनच्या विहिरींकडे कुणी बघतं का

तेल देणाऱ्या विहिरीचे सगळे लाड होतात, पाणी घेणारी विहीर मात्र कोपऱ्यात पडलेली असते. खालून जेवढं तेल-पाणी-गॅस काढलं तेवढ्या जागेचं पाणी परत गेलं पाहिजे, नाहीतर दाब पडतो. पण पूर्ण फील्डचा हिशोब जुळला म्हणून खूश होऊ नका, भागाभागाने जुळवा, कारण एका बाजूला दीडपट आणि दुसऱ्या बाजूला निम्मं जात असेल तरी बेरीज बरोबरच दिसते. प्रत्येक इंजेक्टरचा, म्हणजे पाणी घेणाऱ्या विहिरीचा, हॉल प्लॉट ठेवा, म्हणजे आजवरच्या दाबाची बेरीज आजवर सोडलेल्या पाण्यासमोर काढा, रेघ वर वळली तर विहीर चोंदतेय, खाली वळली तर दगड फुटलाय आणि पाणी भलतीकडे जातंय. समुद्राचं पाणी नीट गाळलेलं, ऑक्सिजन काढलेलं आणि जंतुनाशक घातलेलं हवं, नाहीतर पाइप गंजतात, सल्फेटवर जगणारे जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, आणि समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट खालच्या पाण्यातल्या बेरियमला भेटलं तर ट्युबिंगमध्ये असा खडक जमतो की कुठल्याच ॲसिडला दाद देत नाही. कुठल्या इंजेक्टरचं पाणी कुठल्या विहिरीत निघतंय हे बघायला प्रत्येकात वेगळं ट्रेसर केमिकल सोडा.

इंजेक्शनने काय होऊ शकतं याचं मोठं उदाहरण म्हणजे नॉर्वेचं एकोफिस्क. १९७१ ला तेल सुरू, दगड चॉकचा, म्हणजे आपल्या चुनखडीचाच नातेवाईक. सुरुवातीला २० टक्केसुद्धा तेल निघेल असं कुणाला वाटत नव्हतं. दाब पडला आणि समुद्राचा तळच खचायला लागला, १९८७ मध्ये प्लॅटफॉर्म ६ मीटर उचलावे लागले, त्याच वर्षी मोठ्या प्रमाणात पाणी सोडायला सुरुवात झाली, आणि आता अंदाज ५० टक्क्यांच्या आसपास गेलाय.

राहिलेलं तेल गाठायचं कसं

वरचं सगळं झालं की मगच खोदकाम. नवीन प्लॅटफॉर्म फार महाग, म्हणून जुन्या विहिरीचं तोंड वापरून बाजूने साइडट्रॅक काढतात आणि न शिवलेल्या थरात आडवं जातात. मुंबई हायमध्ये २००० नंतरच्या रीडेव्हलपमेंटमध्ये आडव्या आणि फांद्यांच्या विहिरींवरच भर होता. समुद्रतळावर सेन्सर ठेवून तोच भूकंपी सर्व्हे काही वर्षांनी पुन्हा करायचा आणि दोन चित्रांतला फरक बघायचा हेही चांगलं आहे, पण घट्ट चुनखडीत हा फरक फिका दिसतो, वाळूच्या दगडात जसा दिसतो तसा नाही, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विहिरीची जागा ठरवू नका.

केमिकलबद्दल थोडक्यात. चीनच्या बोहाई समुद्रात आणि ब्रिटनच्या कॅप्टन फील्डमध्ये पाणी जाड करणारं पॉलिमर चालतं, तिथलं तेल जाड आहे. आपलं तेल पातळ, खाली तापमान शंभर अंशांच्या आसपास किंवा वर, पाणी खारट, तिथं नेहमीचं पॉलिमर टिकत नाही. कमी क्षाराचं पाणी सोडायची कल्पना मला जास्त पटते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार असतात, ते कमी केले की दगडाला चिकटलेलं थोडं तेल सुटतं, ब्रिटनच्या क्लेअर रिजमध्ये २०१८ पासून याच बेताने प्लॅटफॉर्म चालतो. पण ते वाळूच्या दगडातलं फील्ड, चुनखडीत सल्फेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं गणित वेगळं असतं, तेव्हा आधी आपल्याच कोअरवर, म्हणजे विहिरीतून काढलेल्या दगडाच्या नमुन्यावर, आपल्याच तापमानाला लॅबमध्ये करून बघा. पुण्यातल्या केमिस्ट्रीच्या पोरांनी यात यायला हवं असं मला मनापासून वाटतं, पाषाणला एनसीएल म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारखी संस्था दाराशी आहे.

हिंजवडीच्या लोकांसाठी

माझ्या भाच्याला सांगतो तेच. मॉडेल बनवायच्या आधी एक आठवडा ऑपरेटरबरोबर बसा. डेटात दाब तीन दिवस जराही न हलता सपाट दिसला तर विहीर स्थिर आहे असं समजू नका, बहुतेक ट्रान्समीटर अडकलेला असतो. टेस्टच्या दिवशी चोक बदलला होता का, गॅस कॉम्प्रेसर ट्रिप झाला होता का, हे शिफ्टच्या वहीत लिहिलेलं असतं आणि डेटाबेसमध्ये नसतं, ते आधी जोडा. दाब-तापमानावरून विहिरीचा प्रवाह ओळखणारं व्हर्च्युअल मीटर बनवलं तर चांगल्या टेस्टवर शिकवा, आणि दोन्हींत फरक पडला की विहीर पुन्हा टेस्टला पाठवायचा इशारा त्याने द्यावा, एवढं झालं तरी फार झालं. स्क्रीनवर केएससीमध्ये, म्हणजे चौरस सेंटिमीटरला किती किलो या मापात, दाब दाखवा, प्लॅटफॉर्मवर सगळे त्यातच बोलतात.

प्लॅटफॉर्म म्हातारा आहे हे विसरू नका

इथले बरेच प्लॅटफॉर्म २५ वर्षांच्या हिशोबाने बांधलेले आणि त्याच्या कितीतरी पुढे गेलेले. जास्त द्रव काढायचा म्हणजे जास्त पाणी वेगळं करायचं, तेव्हा सेपरेटर आणि पाणी साफ करायची यंत्रणा झेपणार का ते विहिरीच्या आधी बघा, मी असं पाहिलंय की विहिरी तयार आणि पाण्याला जागा नाही म्हणून त्या बंद. केसिंगमध्ये नको तिथं दाब दिसला तर त्या विहिरीला आधी हात लावा. रायझर म्हणजे समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर चढणारे पाइप, खालचे पाय, वेल्डिंग यांची रोव्हने, म्हणजे पाण्याखाली दुरून चालवायच्या यंत्राने, आणि ड्रोनने तपासणी होते आता, माणूस दोरीला लटकवायची गरज कमी झाली. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थवर सपोर्ट बोट रायझरला धडकली, आग लागली आणि २२ जण गेले. बोटी, क्रेन, वायरलाइन, सगळी वर्दळ वाढते तेव्हा प्रत्येक कामाची परवानगी आणि बोट कुठल्या बाजूला लागणार हे स्वतः बघा, कुणी सांगितलं म्हणून सही करू नका.

शेवटचं म्हणजे कॅलेंडर. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, मानवरहित प्लॅटफॉर्मवर बोट लागत नाही, त्यामुळे रिग न लागणारी सगळी कामं ऑक्टोबर ते मे यातच बसवावी लागतात. म्हणून पावसाळ्यात पुण्या-मुंबईत बसून विहिरींची यादी करा, आधी गॅस लिफ्टची दुरुस्ती, मग लॉगिंग, मग पाणी बंद करणं, मग ॲसिड, आणि सप्टेंबर संपायच्या आत व्हॉल्व्ह, केमिकल, माणसं सगळं बुक करून ठेवा. प्रत्येक कामाच्या आधीची एक चांगली लांब टेस्ट, नंतर तीस दिवसांनी एक, नव्वद दिवसांनी एक. तीस दिवसांचा आकडा बहुतेक वेळा छान दिसतो, वाढ धरायची ती नव्वदाव्या दिवशीची.